एका वर्गात बसून पृथ्वी मोजता येत नाही

एक मीटर उंचीची सरळ काठी मोकळ्या मैदानात ताठ उभी रोवायची. दुपारी सावली सर्वांत आखूड होते त्या क्षणी ती मोजायची. काठीची उंची आणि सावलीची लांबी यांवरून सूर्यकिरणांचा कोन काढायचा; नववी-दहावीच्या भूमितीत बसणारं गणित आहे. त्याच दिवशी, बरीच उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेल्या दुसऱ्या एका शाळेनेही हेच करायचं. समजा दोन कोनांत १० अंशांचा फरक आला आणि दोन शाळांमधलं उत्तर-दक्षिण अंतर १,११० किलोमीटर आहे. मग ३६० भागिले १०, गुणिले १,११०. उत्तर येतं ३९,९६० किलोमीटर. हा पृथ्वीचा घेर. खरा आकडा ४०,०००च्या आसपास आहे, म्हणजे एका काठीच्या मानाने चांगलंच जमलं. (यात एक खोच आहे, पण ती शेवटी सांगतो.)

इरॅटोस्थेनीसने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात हेच केलं होतं, अलेक्झांड्रिया आणि सायीन, म्हणजे आजचं आस्वान, या दोन ठिकाणांच्या आधारे. आजही अनेक देशांतल्या शाळा विषुवदिनाच्या सुमारास जोड्या लावून हा प्रयोग करतात. एका शाळेने सावली शंभर वेळा मोजली तरी तेवढ्यावर घेर निघत नाही. दुसऱ्या टोकाला कुणीतरी काठी घेऊन उभं असावं लागतं.

शाश्वतता हा विषय शिकवताना हीच अडचण येते, आणि म्हणूनच परदेशातल्या शाळेशी देवाणघेवाण आणि एआय या दोन गोष्टींकडे आज शिक्षक आशेने पाहताहेत. पण या दोघांची कामं वेगळी आहेत. ती एकमेकांच्या गळ्यात पडली की सगळा उपक्रम नुसता शोभेचा होतो.

आधी शब्दाचं बघू. मराठीत ‘शाश्वत’ म्हटलं की आत्मा, सत्य, असलं काहीतरी अविनाशी डोळ्यांपुढे येतं. ‘शाश्वत विकास’ ऐकून एखाद्या मुलाला कधीच न थांबणारा विकास असा अर्थ लागला तर तो त्याचा दोष नाही. मूळ कल्पना फार व्यवहारी आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीत चांदीच्या खाणी होत्या, आणि खाणींना व भट्ट्यांना लाकूड लागायचं. आसपासची जंगलं संपत आली. तिथल्या खाणखात्यातले अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली वनव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. त्याचं सार आपल्या भाषेत सांगायचं तर असं : व्याजावर जगा, मुद्दलाला हात लावू नका. जेवढं वाढेल तेवढंच तोडा. शाश्वततेसाठी आज जो जर्मन शब्द आहे त्याची पाळंमुळं या लाकूडतोडीच्या हिशेबात आहेत.

पुढे १९८७ मध्ये नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने हा हिशेब जंगलाबाहेर नेला. आजच्या गरजा अशा भागवा की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवणं अवघड होऊ नये, अशी ती व्याख्या. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली. त्यांतल्या चौथ्या उद्दिष्टाखालचं ४.७ हे लक्ष्य सांगतं, की २०३० पर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला शाश्वत विकासासाठी लागणारं ज्ञान आणि कौशल्यं मिळावीत. शाळांच्या पत्रकांत हा क्रमांक दिसतो तो त्यामुळे.

फ्रेंचमध्ये याच कल्पनेला ‘टिकाऊ’ या अर्थाचा शब्द आहे. चिनीत ‘चालू ठेवता येण्याजोगं’, स्वाहिलीत ‘चालत राहणारं’. टिकाऊ म्हटलं की वस्तू आठवते, चालत राहणारं म्हटलं की प्रवास. दोन शाळांची पहिली भेट कशावर घ्यावी असं कुणी विचारलं तर मी हेच सुचवेन : तुमच्याकडे याला काय म्हणतात, आणि तो शब्द एरवी कशासाठी वापरतात? अर्धा तास सहज जातो, आणि स्वागतगीतापेक्षा बरा जातो.

आता मुख्य अडचण. शाश्वततेतल्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं. गुरुत्वाकर्षण सगळीकडे जवळपास सारखं आहे, पण ‘एक युनिट वीज वाचवली म्हणजे काय वाचलं’ हा प्रश्न तसा नाही.

नॉर्वेत बहुतेक वीज धरणांच्या पाण्यावर होते. तिथे एका युनिटमागे साधारण ३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असं धरू. पोलंडमध्ये साधारण निम्मी वीज अजून कोळशावर आहे. तिथे हाच आकडा ६०० ग्रॅमच्या आसपास धरू. दोन्ही देशांत एकेक वर्ग घ्या. दोन्ही वर्गांत आठवड्याला १० युनिट वीज जळते. एकाच्या नावावर ३०० ग्रॅम, दुसऱ्याच्या नावावर ६ किलो. दिवे तेच, बटण तेच, बटण दाबणारं बोटही तेवढंच.

इथे नॉर्वेतली मुलं म्हणणार, मग आम्ही दिवे कशाला बंद करायचे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्या वर्गाच्या भिंतीत सापडत नाही. नॉर्वेहून समुद्राखालून विजेच्या तारा जर्मनीला आणि ब्रिटनला गेल्या आहेत. या दोन्ही जोडण्या २०२१ मध्ये सुरू झाल्या. नॉर्वेत न वापरलेलं पाणी धरणात राहतं, त्याची वीज पुढे तारेतून जाऊ शकते, आणि तिकडे तेवढा कोळसा किंवा वायू कमी जाळावा लागतो. म्हणजे वाचलेल्या युनिटची किंमत वीज कुठे तयार झाली यावर ठरते, आणि वाचल्यावर ती कुठे गेली यावरही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे कळतं. मात्र दोन्ही बाजूंचे मीटरचे आकडे समोर हवेत.

पाण्याचंही तसंच. समुद्राचं पाणी गोडं करून नळाला देणाऱ्या शहरात १,००० लिटरमागे ३ ते ४ युनिट वीज लागते. तिथे गळका नळ हा विजेचा प्रश्न होतो. दुसऱ्या गावी तोच नळ भूजलाचा प्रश्न असतो, तिसऱ्या ठिकाणी सांडपाण्याचा.

अशी तुलना शक्य होण्यासाठी दुसरी शाळा लागते, आणि शाळा जोडण्याची कल्पना जुनी आहे. युनेस्कोचं सहयोगी शाळांचं जाळं १९५३ पासून आहे. शीतयुद्ध पुरतं संपलेलं नसताना, १९८८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा संगणकाने जोडल्या गेल्या. युरोपात २००५ पासून ई-ट्विनिंग या ऑनलाइन मंचातून शिक्षक एकमेकांना शोधून वर्ग जोडतात. म्हणजे तंत्र कधीचं आहे. अडतं दुसरीकडे.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. निरनिराळ्या गटांतली माणसं नुसती भेटली म्हणजे पूर्वग्रह कमी होतात असं नाही. भेटीत दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी आणि वरच्यांचा, म्हणजे शाळेचा, पालकांचा पाठिंबा हवा. एरवी होणारा व्हिडिओ कॉल आठवा. पडद्यावर चाळीस लहान-लहान डोकी, हात हलवणं, ‘तुमच्याकडे आता किती वाजले?’, एक गाणं, टाळ्या, फोटो. वीस मिनिटांत संपतं आणि दोन्हीकडे हायसं वाटतं. यात ध्येय नाही, गरजही नाही.

दर्जाची गोष्ट जास्त नाजूक आहे. सधन देशातली शाळा शिकवणार आणि दुसरी शिकणार, अशी मांडणी न बोलताच तयार होते. निदान या विषयात तरी ती उलटी पडायला हवी. ज्या शाळेत वीज कमी वापरली जाते, वस्तू दुरुस्त करून वर्षानुवर्षं चालवल्या जातात, ती शाळा कार्लोविट्झच्या हिशेबात पुढे आहे. पण सादरीकरणात तिच्याच वाट्याला ‘आव्हाने’ नावाची पाटी येते आणि सधन शाळेला ‘उपाय’ नावाची. शिक्षकांनी ही पाटी पहिल्याच दिवशी काढून टाकावी.

प्रत्यक्ष जाण्याचं काय? अटलांटिक ओलांडून जाऊन-येऊन केलेल्या विमानप्रवासात साध्या वर्गातल्या एका प्रवाशामागे अर्धा ते एक टन कार्बन डायऑक्साइड धरला जातो. जगाची सरासरी माणशी वर्षाला पावणेपाच टनांच्या घरात आहे. पर्यावरणाचा धडा घ्यायला एवढा धूर सोडून जायचं, यातली गंमत मुलांना मोठ्यांच्या आधी कळते. तरी प्रवास सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. पंधरा दिवस दुसऱ्याच्या घरात राहिल्यावर जे दिसतं ते पडद्यावर दिसत नाही. पण वर्षभर दुरून काम झाल्यावर केलेला एक लांब मुक्काम आणि काहीही न करता केलेल्या तीन धावत्या सहली, यांत फरक आहे.

आता एआय. या एका नावाखाली निदान तीन वेगवेगळी यंत्रं वर्गात येतात : चित्र ओळखणारं, भाषांतर करणारं आणि विचारलेल्याला लिहून उत्तर देणारं, म्हणजे चॅटबॉट. तिघांच्या चुका वेगळ्या असतात, आणि शिकवायला त्या चुकाच जास्त कामाच्या.

ओळखणाऱ्यापासून सुरुवात करू. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर झाडाचा, किड्याचा, पक्ष्याचा फोटो टाकला की यंत्र नाव सुचवतं. पण तिथे यंत्राचा शब्द अखेरचा नाही. जगभरातले जाणकार ती ओळख तपासतात, आणि तारीख, ठिकाण व पुरेसं एकमत असल्यावरच नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते. दोन शाळांनी आपापल्या आवारातली शंभर-शंभर झाडं-किडे असे नोंदवले की काही नावं दोन्हीकडे निघतात. मग कोण कुणाच्या गावी पाहुणा आणि कोण घुसखोर, हा वाद आपोआप सुरू होतो.

त्याहून मला आवडतो तो कचऱ्याचा प्रयोग. गूगलचं टीचेबल मशीन नावाचं एक साधन आहे. त्याला फोटो दाखवून वर्गीकरण शिकवता येतं, प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. समजा पहिल्या शाळेच्या मुलांनी हातमोजे घालून वर्गातली कचरापेटी जमिनीवर उपडी केली. कागदाचे तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून त्यांचे ८० फोटो काढले. प्लॅस्टिकची वेष्टनं राखाडी फरशीवर पसरली होती, त्यांचेही ८० काढले. यंत्र शिकलं, आपल्याच कचऱ्यावर छान चाललं, आणि तयार मॉडेल दुसऱ्या शाळेला पाठवलं. तिकडे सगळं राखाडी टेबलावर ठेवलं होतं. यंत्राने वहीचं पानही प्लॅस्टिक ठरवलं.

मुलं आधी हसतात, मग फोटो पुन्हा पाहतात. यंत्राने कागद शिकलाच नव्हता, ते कागदाखालचं वर्तमानपत्र शिकलं होतं. एआय ‘समजून’ काही करत नाही, दाखवलेल्या नमुन्यांतली जुळणी पकडतं, हे समजवायला याहून स्वस्त साधन मला माहीत नाही. आणि ही चूक पकडायलाही दुसऱ्या शाळेची फरशी, टेबल, पेटी लागली.

त्यातून पुढचा प्रश्न निघतो. ‘पुन्हा वापरता येण्याजोगा’ असा तिसरा गट करायचा ठरलं. आतून अस्तर लावलेलं पुठ्ठ्याचं खोकं एका शाळेने त्यात टाकलं, दुसरीने नाही. कुणाचं बरोबर? दोघांचंही असू शकतं. एका शहरात ते खोकं सोलून वेगळं करणारा कारखाना आहे, दुसऱ्यात नाही. तो गुण खोक्याच्या अंगचा नाहीच, भोवतालच्या व्यवस्थेचा आहे. फोटोवरून तो कुठल्याच यंत्राला दिसणार नाही.

भाषांतर करणाऱ्या यंत्राने देवाणघेवाणीचं दार खरोखर उघडलं आहे. पूर्वी दोन्हीकडे इंग्रजी चांगलं असलेल्या शाळाच जोडल्या जायच्या, आणि वर्गातली इंग्रजी येणारी चारच मुलं बोलायची. आता प्रत्येकाला आपल्या भाषेत लिहिता येतं. पण मराठी वाचकाला इथली गफलत चटकन दिसेल. इंग्रजीत स्वतःबद्दल लिहिताना मुलगा की मुलगी ते क्रियापदात कळत नाही. मराठीत सांगावंच लागतं. मग एखाद्या मुलीचं पत्र ‘मी नदीवर गेलो होतो’ असं उतरतं. समवयस्क मुलाला केलेला प्रश्न ‘आपण काय करता?’ असा येतो, जणू पाहुण्याला विचारलंय. अशी वाक्यं शोधून परत पाठवणं आणि तिकडून आपल्या वाक्यांचं काय झालं ते मागवणं, हा भाषेचा उत्तम तास होतो. एरवी गैरसमज राहतात आणि कळतही नाही.

चॅटबॉट सर्वांत गोडबोल्या, म्हणून त्याच्यापाशी सावध राहावं. तो प्रचंड मजकुरावर तयार होतो आणि पुढचा शब्द कोणता संभवतो याच्या अंदाजाने लिहितो. हा मजकूर जगातल्या सगळ्या भाषांतून सारखा आलेला नसतो; इंग्रजीचं पारडं फार जड. म्हणून ‘शाळेने पर्यावरणासाठी काय करावं’ असं मोघम विचारलं की उत्तर एका विशिष्ट जगाचं येण्याचा संभव असतो : थर्मोस्टॅट दोन अंश खाली करा, गाडीऐवजी सायकल आणा. ज्या शाळेत खोल्या गरम करण्याची सोयच नाही आणि मुलं पायीच येतात, तिने यातलं काय घ्यायचं?

यावर मला सुचणारा खेळ असा. ‘अ’ शाळेने चॅटबॉटला ‘ब’ शाळेच्या गावाबद्दल विचारायचं : तिथे पाणी कुठून येतं, कचरा कुठे जातो, उन्हाळ्यात काय अडतं. आलेलं उत्तर जसंच्या तसं ‘ब’ला पाठवायचं. ‘ब’ने लाल पेनाने तपासायचं, प्रत्येक खुणेपाशी पुरावा द्यायचा (फोटो, पाणीखात्याचं पत्रक, आजीची आठवण), आणि ‘अ’च्या गावाबद्दलचं उत्तर उलट पाठवायचं. काही वाक्यं अचूक निघतील, काही जुनी, काही साफ बनावट पण आत्मविश्वासाने लिहिलेली. ऑलपोर्टच्या अटी इथे आपसूक पुऱ्या होतात, कारण आपल्या गावाबद्दल प्रत्येक शाळाच जाणकार असते. आणि ‘ब’च्या मुलांना आपलंच पाणी कुठून येतं हे माहीत नव्हतं, हेही अनेकदा याच वेळी उघड होईल.

क्रम मात्र पाळावा. आधी मुलांनी स्वतः अंदाज करायचा, मग मोजायचं, मग दुसऱ्या शाळेला विचारायचं आणि एआयला शेवटी. उलटा क्रम लावला की मुलं यंत्राचं उत्तर बरोबर ठरवण्यासाठी मोजू लागतात.

या सगळ्याचा हिशेब एआयलाही लावायला हवा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटर्सनी सुमारे ४१५ टेरावॉट-तास, म्हणजे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या वापराच्या साधारण दीड टक्का. त्यात एआयचा वाटा एक भाग. ईमेल, बँका, व्हिडिओ, सगळं त्यातच येतं. एका प्रश्नामागे किती वीज, हे मॉडेलवर आणि मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं, पण मजकुरापेक्षा चित्राला आणि चित्रापेक्षा व्हिडिओला सहसा बरीच जास्त लागते एवढं धरून चालावं. ‘पृथ्वी वाचवा’ची चाळीस भित्तिचित्रं एआयकडून काढून घेणाऱ्या वर्गाला हा आकडा दाखवावा. खडू होतेच की.

नियमांचं थोडक्यात. वर्गात चॅटबॉट वापरण्यासाठी किमान १३ वर्षांची मर्यादा ठेवावी असं युनेस्कोने २०२३ मध्ये सुचवलं. मुलांची माहिती ऑनलाइन घेण्यासाठी युरोपीय संघाच्या कायद्यात संमतीचं वय १६ आहे आणि सदस्य देशांना ते १३ पर्यंत आणता येतं. भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८ पर्यंत पालकांची संमती लागते. दोन शाळांचे नियम जुळले नाहीत तर जो कडक असेल तो धरावा. एआयला मुलांचे चेहरे, नावं, आवाज द्यायची गरजच पडत नाही. काठी, मीटर आणि कचरापेटी यांचे फोटो पुरतात.

आता ती खोच. सावलीच्या प्रयोगाची कृती चॅटबॉटला विचारली, तर ‘दुपारी सावली उत्तरेकडे पडेल, दोन्ही कोनांची वजाबाकी करा’ असं उत्तर येऊ शकतं. विषुवदिनी उत्तर गोलार्धातल्या दोन शाळांना हे लागू आहे. पण समजा एक शाळा २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि दुसरी १५ अंश दक्षिण अक्षांशावर. दोघींमधलं उत्तर-दक्षिण अंतर ३,८८५ किलोमीटर. वजाबाकी केली तर फरक ५ अंश, आणि पृथ्वीचा घेर येतो २,७९,७२० किलोमीटर, खऱ्याच्या सातपट. दोन्हीकडची गणितं पुन्हा तपासली जातात, काठ्या ओळंब्याने पाहिल्या जातात, घड्याळं जुळवली जातात. चूक कुठेच सापडत नाही. मग दक्षिणेकडच्या शाळेतून एक फोटो येतो, आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं : आमची सावली दक्षिणेकडे पडते. म्हणजे कोनांची बेरीज करायची होती. २० अधिक १५, ३५. पुन्हा भागाकार, पुन्हा गुणाकार : ३९,९६०.